चाव्या आदल्या संध्याकाळीच द्या

सरकारी बँकेच्या एका छोट्या शाखेत मी अकाउंटंट आहे. म्हणजे शाखाधिकाऱ्यानंतरची दुसरी खुर्ची आणि तिजोरीची दुसरी चावी. सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. साहेब, मी, दोन क्लार्क आणि शिपाईमामा, अशी पाच माणसं. त्यातलं एक कमी झालं की काउंटरपुढची रांग बाहेरच्या पायरीवर जाते. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणाच्या रजेबद्दल सल्ला देणारे बरेच जण म्हणतात, ‘अपराधी वाटून घेऊ नका, तुमच्यावाचून काही अडत नाही.’ आमच्याकडे अडतं. तुम्ही नर्स असाल, दोनशिक्षकी शाळेत असाल, एसटीत कंडक्टर असाल, तर तुमच्याकडेही अडतं. तेव्हा जे मनाला खातं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं काय करायचं तेवढं सांगते. एकवीस वर्षांत हे मी चुकतमाकत शिकले, आणि त्यात चुकणंच जास्त.

जायचं की नाही, हे गोळीच्या आधी ठरवा

सकाळी सहाला अंग तापलेलं असतं तेव्हा आपण विचार करत नाही, घासाघीस करतो. एक पॅरासिटामॉल घेऊ, नऊपर्यंत बघू. नऊला ताप उतरलेला असतो, गरम पाण्याने आंघोळ केली की बरंही वाटतं, मग आपण निघतो. बाराला तो पुन्हा चढतो. नऊ वाजता उतरलेला ताप आपला नसतोच, गोळीचा असतो. म्हणून आधी थर्मामीटर, मग निर्णय, मग गोळी. गोळीनंतरचा आकडा हिशोबात धरायचा नाही.

आकडा काय असावा ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी स्वतःला वेगळंच विचारते: आज मी दुसऱ्याच्या व्हाउचरवर सही करण्याच्या अवस्थेत आहे का? बँकेत प्रत्येक मोठ्या व्यवहाराला एक करणारा असतो आणि एक तपासणारा. करणाऱ्याची चूक तपासणाऱ्याने पकडायची. आता तपासणारीचंच डोकं ठणकत असेल, तर ती नसलेली परवडली. ती नसली तर निदान सगळ्यांना ठाऊक असतं की तपासणी झालेली नाही. ती असली, सही झाली, की तपासल्यासारखं दिसतं आणि तपासलेलं काहीच नसतं.

हे शहाणपण मला पाच हजारांना पडलं. तेव्हा मी क्लार्क होते, कॅशवर बसायचे. अंगात कणकण, घसा बसलेला, पण महिन्याची तीन तारीख, पेन्शनची गर्दी, म्हणून गेले. एका गिऱ्हाइकाने एक लाख चाळीस हजार काढले. पाचशेची दोन पाकिटं झाली एक लाख. तिसरं पाकीट फोडून त्यातून वीस नोटा बाजूला काढायच्या आणि ऐंशी द्यायच्या. मी बहुतेक दहाच काढल्या. मशीनवर मोजल्यासुद्धा. मशीनने बरोबर नव्वद दाखवलं असणार, मी ते वाचलं असणार आणि पाकीट खिडकीतून सरकवलं. डोळ्यांना नव्वद दिसले, डोक्याने ऐंशी समजून घेतले. संध्याकाळी कॅश पाच हजारांनी शॉर्ट. कोणाला गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या पाकिटातून मागे ठेवलेल्या दहा नोटांवरून व्यवहाराचा अंदाज आला, पण गिऱ्हाईक म्हणालं, मला बरोबरच मिळाले. कदाचित खरंच मिळाले असतील आणि चूक दुसरीकडेच झाली असेल. तापात काय काय केलं ते मलाच कुठे आठवत होतं. पैसे खिशातून भरले. त्या महिन्यात मी एकही रजा घेतली नाही म्हणून तेव्हाच्या साहेबांनी कौतुक केलं होतं, हेही लक्षात आहे.

तो नोव्हेंबर

तरी मी सुधारले नाही. दुखणं अंगावर काढणं ही आमच्याकडे घराण्याची रीत आहे. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कंबरेला पट्टा बांधून मुक्कामाची गाडी न्यायचे आणि आल्यावर ‘काही नाही, जरा अवघडलंय’ म्हणायचे. आई भांगलणीला जायची ती तापातसुद्धा. ‘बसलं की जास्त दुखतं’ हे तिचं वाक्य. अशा घरात वाढलेल्या माणसाला अंथरुणावर दिवसा पडून राहणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाले सगळे आजी-आजोबा ‘आम्ही जिवंत आहोत’ हे सांगायला शाखेत येतात. उभं आयुष्य शेतात गेलेल्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. ओल्या फडक्याने पुसायचा, पुन्हा टेकवायचा, मग दुसरं बोट, मग तिसरं. एकेकाला दहा-दहा मिनिटं. त्यात मला डेंग्यू झाला. चार दिवस ताप, रजा टाकली होती, आणि चारही दिवस डोळ्यांपुढे ती रांग. पाचव्या दिवशी सकाळी ताप गेला. अंग गार. मी खूश. डॉक्टर म्हणाले होते आठवडाभर आराम आणि रोज रक्त तपासायचं, पण ताप तर गेला ना. आठवडा संपायची वाट न बघता मी पाचव्याच दिवशी चावी ताब्यात घेतली आणि बसले.

डेंग्यूचं असं असतं, हे मला नंतर कळलं: ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप कमी होताना, प्लेटलेट घसरतात, शिरांमधलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब पडू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणं, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. अंगदुखीला ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो. हे कोणी मला सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला एका आजींचा अंगठा पुसायला मी काउंटरवरून वाकले आणि समोरचं सगळं पांढरं झालं. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते आणि त्याच आजी पदराने मला वारा घालत होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या हयातीचं बघता येईल बाई, तू आधी तुझी बघ.’

प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार. तीन दिवस दवाखान्यात. पण सांगायची गोष्ट पुढेच आहे. मामांनी मला रिक्षात घातलं, पर्स मांडीवर ठेवली, आणि पर्समध्ये तिजोरीची चावी होती. आमची तिजोरी दोन चाव्यांची. एक कॅशिअरकडे, म्हणजे कॅशवर बसणाऱ्या क्लार्ककडे, एक माझ्याकडे, दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही आणि बंदही होत नाही. दिवसभराच्या धावपळीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी कॅश मोजून झाली, तिजोरी बंद करायला गेले, तर दुसरी चावी माझ्या सलाईनच्या स्टँडजवळच्या पर्समध्ये. साहेब की-रजिस्टर घेऊन दवाखान्यात आले, डाव्या हाताने मी सही केली, ते परत शाखेत गेले. तोवर कॅशिअर पोरगी रोकड समोर ठेवून बसून राहिलेली, मामा दाराशी. तिची शेवटची बस चुकली.

घरी राहिले असते तर एका माणसाचं काम अडलं असतं. कामावर गेले म्हणून अख्खी शाखा अडकली. आणि हे सगळं मी ‘त्यांना त्रास नको’ म्हणून केलं होतं.

चाव्या

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आणि ह्या सगळ्या लिहिण्यातला कामाचा भाग तेवढाच आहे. दुपारी चारला अंग जड वाटायला लागलं, कसनुसं झालं, की मी त्याच संध्याकाळी चावी देऊन घरी जाते. उद्या येणार की नाही हे ठरलेलं नसतं तरी. कॅश बंद करताना रोकड मोजलेली असतेच. घेणाऱ्याने मोजून ताबा घ्यायचा असतो, रजिस्टरवर दोघांच्या सह्या व्हायच्या असतात, ते सगळं त्या वेळी पाच मिनिटांत होतं. तेच दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं म्हटलं तर तापात शाखेत जा, सगळी रोकड पुन्हा मोजा, गिऱ्हाईक बाहेर उभं. सकाळी बरं वाटलं तर चावी परत घेता येते. कोणी हसलं तर हसू दे.

तुमची ‘चावी’ कुठली ते तुम्ही ओळखा. म्हणजे अशी गोष्ट, जी फक्त तुमच्यापाशी आहे आणि जिच्याशिवाय दुसऱ्याला कामाला सुरुवातच करता येत नाही. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिच्याकडे पोषण आहाराच्या कोठीची किल्ली असते. ती आजारी पडली की पोरांची खिचडी अडते. तिने आता दुसरी किल्ली स्वयंपाकाच्या मावशींकडे मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवलीय. कोणाकडे एखादी फाईल फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर असते, कोणाकडे गिऱ्हाइकाचा नंबर फक्त स्वतःच्या मोबाईलमध्ये. आजारी नसताना, एखाद्या निवांत शनिवारी, ह्या गोष्टींची यादी करा आणि ज्या वाटता येतात त्या वाटून टाका. कोणाला अडकवून ठेवलं नाही एवढी खात्री झाली की निम्मी टोचणी तिथेच संपते. उरलेल्या निम्म्याबद्दल पुढे सांगते.

मात्र दोन गोष्टी कितीही ताप असला तरी करायच्या नाहीत. चावी नवऱ्याच्या किंवा मामांच्या हाती पाठवायची नाही. आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. ‘मॅडम, तुमच्या आयडीतून एवढं एक पास करून घेऊ का?’ असा फोन येतो, बिचारे अडलेले असतात, आणि आपल्याला तर आधीच ओशाळं वाटत असतं. तिथेच माणूस घसरतो. हजेरीत तुमची रजा आणि सिस्टीममध्ये तुमच्या आयडीवरून व्यवहार, असा कागद उद्या चौकशीत निघाला तर तिथे ‘मला वाईट वाटत होतं’ हे उत्तर चालत नाही.

कळवायचं कसं

माझे जुने मेसेज मी एकदा वर जाऊन वाचले. एका मेसेजमध्ये तीन वेळा सॉरी होतं. जुलाब किती वेळा झाले त्याचा आकडा होता. आणि शेवटी ती दोन वाक्यं, जी मी आता स्वतःला लिहूच देत नाही: ‘लागलंच तर येते’ आणि ‘फोनवर आहेच.’

‘लागलंच तर येते’ म्हटलं की लागतंच. समोरच्याचा दोष नाही, आपणच दार अर्धवट उघडं ठेवलेलं असतं. मग साडेदहाला फोन, ‘मॅडम, अर्धा तास येऊन जाता का?’ आणि तो अर्धा तास पाचला संपतो.

आता माझा मेसेज असा असतो: ‘साहेब, रात्रीपासून ताप आहे, आज येणार नाही. चावी काल संध्याकाळी दिली आहे, रजिस्टरला नोंद आहे. आजच्या तारखेचं एकच काम माझ्याकडे होतं, सोनेतारणाची नोटीस, ती टेबलाच्या डाव्या कप्प्यात आहे. डॉक्टरांना दाखवून एक वाजेपर्यंत किती दिवस ते कळवते.’ बस. सॉरी नाही. आजाराचं वर्णन नाही. कधी कळवणार तेवढं मात्र नक्की सांगायचं, आणि त्या वेळेला खरंच कळवायचं. सहकाऱ्यांना तुमच्या तापापेक्षा उद्याचं काय करायचं हे ठाऊक नसण्याचा त्रास जास्त होतो. शक्य असेल तर सातलाच पाठवा. नऊ-पन्नासला आलेला मेसेज कितीही नम्र असला तरी शिवीसारखाच वाटतो.

आणि सलाईन लावलेल्या हाताचा फोटो ग्रुपवर टाकू नका. खूप जण टाकतात. थर्मामीटरचेही टाकतात. दांडीबहाद्दर म्हणतील ही भीती मला कळते, पण पुरावा द्यायला लागलं की पुढच्या वेळी पुरावा मागितला जातो, आणि मग तुमच्यानंतर आजारी पडणाऱ्या पोरीलाही द्यावा लागतो. दाखला फाईलला लावायचा असतो. ग्रुपला नाही.

एक राहिलं. मनच थकलेलं असतं, झोप उडालेली असते, सकाळी बँकेची पाटी दिसली की छातीत धडधडतं, आणि आपण कळवतो ‘पोट बिघडलंय.’ आमच्या शाखेतल्या निम्म्या पोटांचं दुखणं हे आहे. मी कोणाला खरं सांगाच असं म्हणत नाही, प्रत्येक साहेबाजवळ ते सांगण्यासारखं नसतं. पण डॉक्टरला तरी पोटाचं सांगू नका. ‘आजारी आहे’ एवढं म्हणणंही पुरतं, आजार कुठला ते न सांगता.

रजा ही उधारी नाही

रजेचे नियम एकदा नीट वाचा. मी स्वतः सोळा वर्षांनी वाचले. सरकारी बँकांत आजारपणाची रजा वर्षाला ३० दिवस जमा होते, एकूण १८ महिन्यांपर्यंत. ती अर्ध्या पगाराची. पूर्ण पगार हवा असेल तर एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. सगळं धरूनही माझ्या खात्यावर पाचशेच्या वर दिवस शिल्लक आहेत. ह्या रजेचे पैसे मिळत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शिल्लक असेल ती तिथेच संपते, हारतुऱ्यात तिचा कोणी उल्लेखही करत नाही. मी वर्षानुवर्षं कोणासाठी साठवत होते कोण जाणे.

बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय करारात बँकेतल्या बायकांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरी दाखल्याशिवाय आजारपणाची रजा घेता येईल असं आलं. आमच्या दोन्ही क्लार्क पोरींना हे ठाऊक आहे. तरी पोटात कळा येत असल्या की ‘घरी जरा काम आहे’ म्हणून स्वतःची सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, घालवतात. सीएल वर्षाला बाराच. मी सांगून दमले.

खासगीत असाल तर तुमचं वेगळं. भाची पुण्यात एका कंपनीत आहे, तिला वाटायचं रजा म्हणजे कंपनीची मेहरबानी. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा लिहिलेली आहे. आमच्या एटीएमवर पूर्वी एक रखवालदार होता, ठेकेदाराचा माणूस. टायफॉईड झाला, वीस दिवस पडून राहिला, पगार कापला गेला. त्याच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी कापली जात होती, आणि हे त्यालाही लक्षात नव्हतं, आम्हालाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ह्या योजनेत आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट म्हणजे सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि दाखला ईएसआयच्या दवाखान्याचा हवा. त्याने दाखला बाहेरच्या डॉक्टरांचा घेतला होता. पगाराची स्लिप एकदा ओळीने वाचा, एवढंच म्हणते.

घरात, साडेदहाला

मेसेज गेला, चावी दिलेली आहे, रजा हक्काची आहे, हे सगळं पटलेलं असतं. तरी साडेदहा वाजता, शटर वर जायच्या वेळेला, छातीत काहीतरी हलतं. ही ती उरलेली निम्मी टोचणी.

मी बरेच दिवस समजत होते की ही सहकाऱ्यांची काळजी आहे. नव्हती. ती ‘माझ्याशिवाय चालतच नाही’ याची गोडी होती. फोन वाजला की कपाळाला आठ्या घालायच्या आणि वाजला नाही की मनातून खट्टू व्हायचं. साडेबारापर्यंत एकही फोन नाही म्हणजे काय, मला विसरले की काय?

हिच्यावर औषध मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं. रिझर्व्ह बँकेच्या ९ जुलै २०२१ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलंय की संवेदनशील जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, तेही आधी न सांगता. त्या दिवसांत अंतर्गत ईमेल सोडून त्यांना कामाच्या कशालाच हात लावू द्यायचा नाही. कारण उघड आहे. कोणी घोळ घालून ठेवला असेल तर तो झाकायला त्याला रोज हजर राहावं लागतं, तो दहा दिवस नसला की झाकण निघतं. म्हणजे ‘एकही रजा न घेणारी प्रामाणिक बाई’ ही आमच्या धंद्यात कौतुकाची गोष्ट नसून जरा संशयाचीच आहे! माझ्यावर ती वेळ आली तेव्हा दहा दिवस मी तगमगत घरी काढले. परत गेले तर खुर्चीची उंची कोणीतरी बदलली होती. बाकी सगळं जिथल्या तिथे.

बाकी साधे उपाय. शाखेचा ग्रुप म्यूट. एकदा एक वाजता बघायचा, मेसेजमध्ये तीच वेळ दिलेली असते. डेंग्यूच्या वेळी माझ्या मुलीने फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, तोही उपाय वाईट नाही. घरात बसलोच आहोत तर माळा आवरू, हेही करायचं नाही. मी ते केलंय. सासूबाईंनी त्या वेळी पपईच्या पानांचा रस आणला होता, त्याने काय झालं मला सांगता येणार नाही, पण एवढं कडू पिऊन झाल्यावर बँकेचा विचार दहा मिनिटं तरी डोक्यात येत नव्हता. मऊ भात, वर मेतकूट आणि तूप, आणि झोप. दुपारी झोपताना पडदे लावून घ्या. बाहेरून शाळेच्या, एसटीच्या, कामाला चाललेल्या जगाचे आवाज येतात, ते फार छळतात.

परत गेल्यावर

‘बरं आहे का आता?’ हे प्रत्येक जण विचारतो. काहींच्या विचारण्यात थोडा तिरपा सूर असतो. उत्तर एकच: ‘हो, बरं आहे. काय काय झालं सांगा.’ आजारपणाची कहाणी सांगत बसू नका, ज्याला खरंच ऐकायची असेल तो डब्याच्या वेळी विचारेल. पहिल्याच दिवशी रात्री आठपर्यंत बसून प्रायश्चित्त घेऊ नका. मी बसले आहे, तिसऱ्या दिवशी ताप उलटलाय.

ज्याने तुमचं काम ओढलं त्याला मात्र नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगा. डेंग्यूनंतर मी कॅशिअर पोरीला म्हटलं, ‘तुझी बस माझ्यामुळे चुकली.’ ती म्हणाली, ‘असू दे मॅडम.’ मी विचारलं, ‘पुढची रजा कधी हवीय?’ तिने पटकन तारीख सांगितली. भावाच्या साखरपुड्याची. मागायला कचरत होती म्हणे.

कचरणारच. कारण आदल्याच पावसाळ्यात तिने सकाळी फोन केला होता, आवाज पूर्ण बसलेला, आणि मी तिला म्हणाले होते, ‘आजच ताप यायचा होता का?’ तारीख एक होती, पेन्शनचा दिवस, मी वैतागले होते, हे सगळं खरं. पण ती अर्ध्या तासाने आली. ताप घेऊन, रेनकोट घालून आली, आणि मी तिला येऊ दिलं. माझ्या स्वतःच्या पाच हजारांची गोष्ट तेव्हा मला आठवली नाही. तुम्ही वरच्या खुर्चीत असाल तर आजारी माणसाचा फोन आल्यावर विचारण्यासारखं एकच असतं: चावी कुठे आहे? उत्तर मिळालं की ‘ठीक आहे, दाखवून घे’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कोण कुठे बसेल हे तिच्यासमोर मोठ्याने जुळवत बसायचं नाही. उसासाही सोडायचा नाही, तो फोनवर बरोबर ऐकू जातो.

माणसं कमी आहेत हे तर आहेच. आमच्या शाखेला तिसऱ्या क्लार्कची मंजुरी आहे, जागा रिकामी आहे. ती रिकामी जागा दर आजारपणात आपण स्वतःच्या अंगाने भरून काढतो, आणि वर पाठवायच्या कागदावर सगळं सुरळीत दिसतं. म्हणून आता कोणी रजेवर असलं की त्या दिवशी काय राहिलं ते मी तारखेसह लिहून साहेबांच्या सहीने वर पाठवते. अजून माणूस आलेला नाही.

गेल्या महिन्यात सकाळी सहा-पन्नासला कॅशिअर पोरीचा मेसेज आला. ‘मॅडम, ताप १०१, गोळीच्या आधी मोजला. चावी काल साहेबांकडे दिलीय, सही केलीय. एकला कळवते.’ मी लिहिलं, ‘झोप.’ मग कॅशवर मीच बसले, कितीतरी वर्षांनी. प्रत्येक पाकीट दोनदा मोजलं, रांगेतले वैतागले. संध्याकाळी कॅश वीस रुपयांनी जास्त आली. ती रीतसर संड्रीला, म्हणजे हिशोब न लागलेल्या रकमांच्या खात्याला, टाकली आणि सव्वासातला घरी आले.